आधी खुणा ठरवू

आमच्या घरात कपाट हलवायचं असलं की पहिली पंधरा मिनिटं कपाटाला कोणी हात लावत नसे. बाबा सगळ्यांना समोर उभं करायचे आणि म्हणायचे, "आधी खुणा ठरवू." तळहात वर म्हणजे उचल. तळहात खाली म्हणजे टेकव. बोट ज्या बाजूला, त्या बाजूला वळ. मग यायची मूठ. मूठ म्हणजे काय, हे ते प्रत्येकाकडून तीन-तीनदा वदवून घ्यायचे.

"मूठ म्हणजे?"

"थांब."

"नक्की? तुमच्याकडे दुसरं काही शिकवलं नाही ना?"

हा शेवटचा प्रश्न त्यांनी एकदा शेजारच्या शिंप्याला विचारला. तो बिचारा म्हणाला, "मला कोणी काहीच शिकवलेलं नाही हो. मी नुसता कपाट धरायला आलोय." बाबांनी त्याला शिकवलं आणि मगच कपाट जिन्यावर चढलं. शिंप्याचा चहा तोवर गार झाला होता.

मला गाडी शिकवली तीही अशीच. पहिला आठवडा इंजिन चालूच केलं नाही. मी सीटवर, बाबा समोर अंगणात, आणि नुसत्या खुणा. परीक्षेच्या दिवशी परीक्षक साहेबांनी नाकासमोरची माशी मुठीत पकडली आणि मी भर मैदानात करकचून ब्रेक मारला. नापास झाले. घरी येऊन मी थयथयाट केला, तर बाबा शांतपणे म्हणाले, "चूक त्यांची. आधी ठरवायला नको?" माझा नवरा पहिल्यांदा घरी आला, तेव्हा निघताना फाटकातून स्कूटर मागे घेत होता. बाबांनी त्याला थांबवलं, खाली उतरवलं आणि खुणा ठरवल्या. नवरा नंतर मला म्हणाला, "तुझे वडील लग्नाला हो म्हणाले की नाही ते कळलं नाही, पण स्कूटर कशी काढायची ते पक्कं कळलं."

आम्ही सगळे हसायचो. आई तर त्यांना 'खुणामास्तर' म्हणायची. हे खूळ कुठून आलं, असं मात्र कोणी कधी विचारलं नाही. सैन्यात ट्रक चालवला म्हटल्यावर काहीतरी खूळ असणारच, असं आम्ही धरून चाललो होतो.

सैन्यातली नोकरी म्हणजे शाळेत माझा भाव वधारलेला असायचा. मुली विचारायच्या, "तुझ्या बाबांनी किती शत्रू मारले?" मी घरी येऊन बाबांना विचारलं. त्यांनी बराच विचार केला आणि म्हणाले, "एकदा माझ्या गाडीखाली एक कोंबडी आली होती." मी शाळेत जाऊन सात सांगितले.

बाबांनी आयुष्यभर सामान वाहिलं. पीठ, ब्लँकेटं, पत्र्याच्या पेट्या, चौकटीसकट दारं-खिडक्या, टपालाच्या गोण्या. एकदा दातांच्या डॉक्टरची खुर्ची डोंगरावरच्या छावणीत पोहोचवायची होती. ती त्यांनी चार दोरांनी बांधली आणि दोन दिवस इतकी जपून नेली की वर पोहोचल्यावर डॉक्टर खूश झाला. म्हणाला, पहिला मान तुझा. आणि बाबांची एक दाढ काढली. हा किस्सा सांगताना बाबा अजून म्हणतात, "उपकारच झाले त्याचे. दुखतच होती ती."

उपकार हा त्यांचा लाडका शब्द. नळाला पाणी आलं, उपकार झाले. बस वेळेवर आली, उपकार झाले. वीज दुरुस्त करायला माणूस आला तर त्याला खाली रस्त्यापर्यंत पोहोचवायला जाणार. मी दवाखान्यात लोकांचं रक्त काढायचं काम करते. दिवसभर माणसं माझ्याकडे मी त्यांची दुश्मन असल्यासारखी बघतात, त्यामुळे घरी आल्यावर माझं डोकं ठिकाणावर नसतं. मी खेकसायचे, "पैसे भरतो आपण, उपकार कसले?"

त्यावर बाबा म्हणायचे, "तुला नाही कळायचं. माझी नोकरी राहिली."

हे वाक्यही त्यांचंच. बाकीचे लोक म्हणतात, मी तीस वर्षं नोकरी केली. बाबा म्हणतात, माझी तीस वर्षं नोकरी राहिली. हे दोन खोल्यांचं घर झालं, कारण नोकरी राहिली. भाऊ शिकला, मी शिकले, आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन सैन्याच्या इस्पितळात झालं, कारण नोकरी राहिली. बोलायची एक लकब म्हणून मी ते सोडून द्यायचे.

मग गेल्या वर्षी एका दुपारी आईचा फोन आला. "ह्यांना काय झालंय बघ. तीन आठवडे झाले, धड जेवत नाहीत. चष्म्याच्या डबीत एक चिठ्ठी ठेवलीये, ती दिवसातून दहादा काढून वाचतात. मी विचारलं तर म्हणतात, पत्ता आहे. कुणाचा, तर म्हणे मित्राचा. अगं, मित्राचा पत्ता वाचून कुणी असं उपाशी राहतं का?"

मी गेले. बाबा खाटेच्या कडेला बसले होते, बूट घालून. घरात बूट घालून बसणारे माझे वडील नव्हेत. मी सरळ हात पुढे केला. त्यांनी चिठ्ठी दिली. त्यांच्या तुकडीतला जुना स्वयंपाकी कुठूनतरी नंबर शोधून बोलला होता आणि त्यानं हा पत्ता लिहून घ्यायला लावला होता. कुलपं-किल्ल्या दुरुस्त करण्याचं दुकान, आमच्यापासून चार तासांवरचं गाव. वर नाव नव्हतं, नुसतं 'शिट्टी' लिहिलं होतं.

"जायचंय का?" मी विचारलं.

"जायला पाहिजे," बाबा म्हणाले. "पण तो मला दारात उभं करेल की नाही, माहीत नाही."

रविवारी सकाळी आम्ही निघालो. गाडी माझी, चालवणार मी. बाबा शेजारी बसले आणि पट्टा लावून म्हणाले, "आधी खुणा ठरवू."

"बाबा, तुम्ही माझ्या शेजारी बसलाय. तोंडानं सांगा की."

एरवी ते यावर वाद घालतात. त्या दिवशी गप्प बसले. शहर संपलं, गोदामं संपली, दोन्ही बाजूंना मोकळं माळरान लागलं. आम्हा दोघांचे डोळे रस्त्यावर होते. अशा वेळी समोरासमोर बसून न होणारं बोलणं होऊन जातं. बाबा बोलायला लागले.

शिट्टी आणि ते बराकीत शेजारी झोपायचे. त्याच्या पुढच्या दोन दातांत फट होती, तिच्यातून तो अशी शिट्टी घालायचा की झोपलेली तुकडी उठून उभी राही. बाबांना तो 'गोगलगाय' म्हणायचा, कारण बाबा गाडी जपून चालवत. पुढे त्याचं नुसतं 'गोगल' झालं. दोघांची जोडी बराकीत प्रसिद्ध होती. एकाचा साबण संपला की दुसऱ्याचाही संपायचा. पण दोघांच्या गाड्या वेगळ्या. शिट्टी दुसऱ्या ट्रेनिंग सेंटरमधून बदलून आला होता आणि दुसऱ्या ड्रायव्हरबरोबर जायचा. एक दिवस त्याची गाडी दुरुस्तीला कारखान्यात गेली, म्हणून त्याला बाबांच्या गाडीवर दिलं. ती त्यांची एकत्र अशी पहिलीच फेरी.

वाटेत फळ्यांचा पूल होता. पूल म्हणजे काय, तर दोन चाकांपुरत्या दोन पट्ट्या आणि मधे खाली पाणी. अशा ठिकाणी एकानं खाली उतरायचं, ट्रकच्या पुढे, ट्रककडे तोंड करून उलटं चालायचं आणि हातांनी खुणा करायच्या. ड्रायव्हरनं रस्ता बघायचा नाही, त्या माणसाचं तोंडही बघायचं नाही. फक्त हात बघायचे. तोंड बघितलं की ड्रायव्हर घाबरतो, असं शिकवलेलं.

"तो उलटा चालत होता," बाबा म्हणाले. "अर्ध्यावर आलो आणि त्यानं दोन्ही मुठी मिटल्या."

"मग थांबलात ना?"

"आमच्या सेंटरला मूठ म्हणजे स्टिअरिंग आहे तसं धर आणि येत राहा. थांबायला दोन्ही हातांची फुली करायची." बाबांनी मांडीवर हात ठेवून फुली केली आणि लगेच सोडली. "त्यांच्या सेंटरला मूठ म्हणजे थांब. त्याच्या बुटाची टाच दोन फळ्यांत अडकली होती. तो मूठ दाखवत होता आणि मी येत होतो. सावकाश. गोगलगायीसारखा. ओरडला असेल, इंजिनच्या आवाजात मला ऐकू आलं नाही."

मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि उभी केली. डोकं ठिकाणावर नसताना गाडी चालवू नये, हे मला बाबांनीच शिकवलं होतं.

शिट्टीचं पाऊल गेलं. घोट्यापासून. चौथ्या दिवशी इस्पितळात साहेब चौकशीला आले. कायदा साधा होता. नवा माणूस गाडीवर आला की निघण्याआधी त्याच्याशी खुणा ठरवून घ्यायच्या आणि ते काम ड्रायव्हरचं. ठरवल्या नसतील तर दोष ड्रायव्हरचा. नोकरी तर जाणारच, वर शिक्षा वेगळी. साहेबांनी खाटेजवळ उभं राहून विचारलं, खुणा ठरल्या होत्या का?

"ठरल्या नव्हत्या," बाबा म्हणाले. "आम्ही बोलण्याच्या नादात होतो. राहून गेलं."

"मग?"

"मी तोंड उघडायच्या आत तो म्हणाला, 'ठरल्या होत्या, साहेब. मीच विसरलो.' साहेबांनी ते लिहून घेतलं. मी खाटेच्या पायथ्याशी उभा होतो. मी काही बोललो नाही."

"काहीच नाही?"

"नाही."

"आणि नंतर? पत्र? फोन? भेट?"

"आठवड्यात माझी बदली झाली. मग कुठल्या तोंडानं जायचं, कळेना. एक वर्ष गेलं की दुसरं जातं, बाई. तू लहान होतीस."

मला राग आला होता आणि तो कुणावर काढायचा ते समजत नव्हतं. माझं शिक्षण, आमच्या दोन खोल्या, आईचे डोळे हे सगळं एका माणसाच्या खोट्या शब्दावर उभं होतं आणि त्या माणसाला आम्ही साधं पोस्टकार्ड टाकलं नव्हतं. मी म्हटलं, "बाबा, पाणी आलं की नळाचे उपकार मानता तुम्ही! आणि ज्याचे मानायचे त्याला सेहेचाळीस वर्षं—" नेमकी किती वर्षं झाली ते मला माहीत नव्हतं, तोंडाला माझंच वय आलं. बाबांनी मान खाली घातली. मग म्हणाले, "मला त्याच्यासमोर एकदा खरं बोलायचंय. त्यानंतर त्यानं हाकलून दिलं तरी चालेल. न बोलता मात्र मला मरायचं नाहीये."

मी गाडी चालू केली.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली होती. भिंतीवर खिळे आणि खिळ्यांवर किल्ल्या, शेकड्यांनी. एका बाजूला किल्ली घासायचं मशीन, त्याच्यामागे उंच स्टुलावर एक किरकोळ म्हातारा. पांढऱ्या भुवया दाट, नाकावर भिंग. एका पायात साधी चप्पल आणि दुसऱ्या, कृत्रिम पायाला चकचकीत पॉलिश केलेला बूट. समोर एक गिऱ्हाईक उभं होतं. म्हाताऱ्यानं मान वर केली, बाबांकडे बघितलं, पुन्हा मान खाली घातली आणि ती किल्ली पूर्ण घासली. कुलपात घालून दोनदा फिरवून बघितली. गिऱ्हाईक गेलं. मग भिंग काढलं.

"गोगल," ते म्हणाले. "जाड झालास."

बाबांनी येताना वाक्यं पाठ केली असावीत, कारण ते एकदम परेडमध्ये उभे राहिल्यासारखे ताठ झाले. "खुणा ठरल्या नव्हत्या," ते म्हणाले. "चूक माझी होती. मी तिथं उभा राहून गप्प बसलो. तुझ्यामुळे माझी नोकरी राहिली. माझं घर, पोरं, सगळं तुझ्यामुळे झालं. हे सांगायला यायला मला उशीर झाला."

आतून एक बाई पदराला हात पुसत आल्या होत्या, त्या दारातच थांबल्या. त्या काकूच असणार. मला वाटलं, आता हे म्हणतील, जाऊ दे, झालं गेलं. अशा वेळी लोक म्हणतातच.

"उशीर?" शिट्टीकाका म्हणाले. "इस्पितळात मी अडीच महिने होतो. दार उघडलं की मी बघायचो. माझी आई म्हणायची, कुणाची वाट बघतोस? मी म्हणायचो, माझा एक मित्र आहे, तो येणार आहे." त्यांनी मशीनवरचा किल्लीचा कीस फुंकून टाकला. "पायाचं म्हणशील तर पाय तुझ्या एकट्याच्या चुकीनं नाही गेला. खुणा मीही ठरवल्या नाहीत. मला जीभ नव्हती का? पण मी खोटं कशासाठी बोललो? नोकरी आपल्या दोघांपैकी एकाची तरी राहावी आणि माझा मित्र मला राहावा, म्हणून. नोकरी राहिली. मित्र गेला."

बाबा रडले. मी त्यांना कधी रडताना बघितलं नव्हतं, माझ्या लग्नातसुद्धा नाही. आवाज न करता, उभ्याउभ्या, हात शरीराला चिकटवून ते रडत होते. मला त्यांना धरावंसं वाटलं, पण ते आमच्या दोघांमधलं नव्हतं. मी भिंतीवरच्या किल्ल्यांकडे बघत राहिले.

बऱ्याच वेळानं शिट्टीकाकांनी माझ्याकडे मान वळवली. "ही कोण?"

"मुलगी," बाबा म्हणाले.

"धाकटी?"

"नाही. मोठी."

काका स्टुलावरून उतरले. एका हातानं टेबल धरून, पुढे येऊन माझ्यासमोर उभे राहिले आणि मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. एवढं माझ्याकडे मला बघायला आलेल्यांनीही बघितलं नव्हतं.

"म्हणजे तीच का ही?"

मी विचारलं, "तीच म्हणजे कोण?"

"ह्यानं सांगितलं नाही तुला?" काका म्हणाले. "अगं, आदल्या संध्याकाळी तार आली होती, मुलगी झाली म्हणून. सकाळी गाडीत बसल्यापासून ह्याच्या तोंडाची टकळी चालू. एरवी हा चार शब्द बोलायचा नाही. नाव काय ठेवायचं, नाव काय ठेवायचं! पुलापर्यंत अकरा नावं झाली. एक ह्याला आवडायचं, ते मला आवडायचं नाही. मी एक सांगायचो, हा म्हणायचा, ते म्हशीला शोभेल. हसून हसून पोट दुखलं माझं. पूल आला. मी म्हटलं, थांब, पलीकडे गेल्यावर ठरवू. आणि खाली उतरलो."

बाबा जमिनीकडे बघत होते. सेहेचाळीस वर्षं त्यांनी हे माझ्यापासून का लपवलं, ते मला त्यांना विचारायची गरज उरली नव्हती.

"मला इतकी वर्षं एकच वाटत राहिलं," काका म्हणाले. "निदान एक पोस्टकार्ड टाकून कळवायला पाहिजे होतं ह्यानं. काय ठेवलं शेवटी?"

मी माझं नाव सांगितलं.

त्यांनी ते दोनदा म्हणून बघितलं. भुवया जवळ घेऊन आठवत राहिले, बोटांवर मोजलंसुद्धा. मग बाबांना म्हणाले, "हे त्या अकरांत नव्हतं."

"नव्हतं," बाबा म्हणाले. "ती अकरा मला पुन्हा तोंडातून काढवेनात. हे हिच्या आईनं ठेवलं."

काकांनी मान हलवली. काकूंना हातानं चहाचं सांगितलं. मग मला नावानं हाक मारली, घरच्या माणसाला मारतात तशी, आणि कोपऱ्यातल्या स्टुलाकडे बोट केलं.

"ते स्टूल घे आणि इथं माझ्याजवळ बस," ते म्हणाले. "त्याला राहू दे उभा थोडा वेळ."